घर तेच, मतदारसंघ निराळा

वडील गेल्यानंतर त्यांच्या कागदपत्रांची पत्र्याची पेटी माझ्या वाट्याला आली. तीत घराचे खरेदीखत होते, पाण्याच्या आणि विजेच्या पावत्या होत्या, आजोबांच्या वेळचे दोन उर्दू फैसले होते आणि सर्वांत खाली, सुतळीने नीट बांधलेली, मतदारांच्या चिठ्ठ्यांची एक चळत होती. निवडणुकीच्या आधी कार्यकर्ते घरोघर वाटतात त्या ह्या चिठ्ठ्या. मत देऊन आल्यावर माणसे त्या रस्त्यातच टाकून देतात. वडिलांनी मात्र एकही टाकलेली नव्हती. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आणि 'दिले' एवढाच शब्द. कोणाला दिले, हे एकाही चिठ्ठीवर नाही.

ह्या चळतीखाली आजोबांची एक वही होती. आजोबा कारवारहून हैदराबादेस आले आणि एका वकिलाकडे मुन्शी म्हणून राहिले. १९५२ साली त्यांचे बिऱ्हाड चादरघाटला भाड्याच्या दोन खोल्यांत होते. त्या वर्षीच्या नोंदींत किराणा, घरभाडे, काकांच्या शाळेची फी ह्यांच्या मधोमध एक ओळ आहे: "आज मत दिले. सौ.नेही दिले." पुढे पुन्हा किराणा सुरू.

मी व्यवसायाने वकील. कागद दिसला की त्याचा पूर्वापार संबंध लावल्याखेरीज मला चैन पडत नाही. आजोबांच्या नोंदीत चादरघाट, वडिलांच्या चिठ्ठ्यांवर हिमायतनगर आणि माझ्या चिठ्ठ्यांवर अंबरपेट. चादरघाटचे बिऱ्हाड पुढे मोडले आणि बरकतपुऱ्यात घर झाले, हे खरे. परंतु वडील आणि मी तर एकाच उंबऱ्यावरून मत देण्यास बाहेर पडत आलो. १९९९ आणि २००४ साली मी स्वतः वडिलांबरोबर हिमायतनगरचा मतदार म्हणून गेलो, आणि २००९ साली त्याच घरातून, त्याच रस्त्याने, अंबरपेटचा मतदार म्हणून गेलो. घर जागचे हलले नव्हते, भोवतालची रेघ तेवढी हलली होती. ह्या रेघेचा विचार मी अनेक वर्षे केवळ कुतूहलाने करीत होतो. २०२३ साली आमच्या देवळाच्या सभामंडपात जे घडले, त्यानंतर तो निव्वळ कुतूहलाचा विषय राहिला नाही.

ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे.

निजामाच्या राज्यात सामान्य माणसाला मत नव्हते. १९३७ साली दिवाणबहादूर अरवमुदु अय्यंगार ह्यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली आणि १९३९ साली सुधारणांची घोषणा झाली. त्या योजनेत प्रतिनिधी प्रदेशावरून नव्हे तर धंद्यावरून निवडावयाचे होते. जहागीरदारांचे निराळे, वकिलांचे निराळे, व्यापाऱ्यांचे निराळे. शिवाय प्रजेतील संख्या काहीही असो, हिंदू आणि मुसलमान सभासद समसमान असावयाचे. पुढे ह्या धर्तीवर निवडणुका झाल्या तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार घातला. आजोबांसारख्या मुन्शीला त्या योजनेत कोठे जागा होती, हे मला आजवर उमगलेले नाही. तो जहागीरदार नव्हता, वकील नव्हता आणि व्यापारीही नव्हता. तो वकिलाच्या मागे दप्तर घेऊन चालणारा माणूस होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या ३२५ व्या कलमाने सांगितले की प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल आणि केवळ धर्म, वंश, जात वा लिंग ह्या कारणावरून कोणालाही तीतून वगळता येणार नाही. ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. (त्या वेळी वयाची अट २१ वर्षांची होती, १९८९ साली ती १८ वर झाली.) वकिलीच्या पुस्तकांत ही दोन कलमे अर्ध्या पानात संपतात. आमच्या घरात त्यांचे काय झाले, ते मी आजीकडून ऐकले आहे.

मतदारयादीसाठी नावे लिहून घेणारा कारकून चादरघाटच्या त्या बिऱ्हाडी आला. आजोबांचे नाव, वडिलांचे नाव, वय असे सर्व लिहून झाले. मग त्याने विचारले, "घरात आणखी प्रौढ कोण?" आजोबा म्हणाले, "मंडळी आहेत." कारकुनाने आजोबांच्या नावापुढे 'ह्यांची पत्नी' एवढे लिहिले आणि तो उठू लागला. आजी दाराआड उभी होती. ती तेथूनच म्हणाली, "मला नाव आहे. ते लिहा." आणि तिने ते सांगितले. ती म्हणे, "लग्नानंतर परक्या पुरुषापुढे स्वतःचे नाव मी त्या दिवशी प्रथमच मोठ्याने उच्चारले. तुझे आजोबा चार दिवस घुश्शात होते."

आजीच्या ह्या गोष्टीला लहानपणी आम्ही हसत असू. पुढे कायदा शिकताना वाचले की त्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढून टाकावी लागली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी असल्या नोंदी स्वीकारण्याचे नाकारले. त्यानंतर आजीच्या गोष्टीला मला पुन्हा कधी हसू आले नाही.

१९५२ ची ती हैदराबाद विधानसभा आज कोणाच्या आठवणीत फारशी उरलेली नाही. तिच्यात १७५ सभासद होते. काँग्रेसचे ९३ आणि त्या वेळी बंदी असलेल्या कम्युनिस्टांनी ज्या नावाने निवडणूक लढविली त्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे ४२. तेलंगण, मराठवाडा आणि कानडी जिल्हे असे तीन मुलूख एका छपराखाली बसत. बुरगुल रामकृष्णराव मुख्यमंत्री होते. अध्यक्षपदी काशीनाथराव वैद्य होते. केशवराव कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार मंत्रिमंडळात होते. गोपाळराव एकबोटे ह्याच शहरातून निवडून आले, पुढे मंत्री झाले आणि त्याही पुढे, १९७२ ते १९७४ ह्या काळात, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आमच्या वयाच्या मराठी वकिलांना त्यांचे नाव अजून आदराने घ्यावेसे वाटते.

ही नावे सांगून आमच्या समाजातील वडीलधारी माणसे सुस्कारा सोडतात. "तेव्हा सभागृहात आपली माणसे होती," असे म्हणतात. मला मात्र त्या यादीतले एक निराळेच नाव महत्त्वाचे वाटते. विरोधी पक्षाचे नेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी गृहस्थ. परंतु ते मराठवाड्यातून निवडून आले नव्हते. तेलुगू मुलखातील इप्पागुडा मतदारसंघाने त्यांना निवडून दिले होते. ज्या शेतकऱ्यांनी त्यांना मते दिली त्यांची भाषा निराळी, जात निराळी, देवळे निराळी. त्यांनी देशपांड्यांना आपले का मानले, ह्याचे उत्तर तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्यात आहे. त्यांच्या राजकारणाशी माझा मतभेद आहे, तो असो. पण 'आपला माणूस' ह्या शब्दाचा अर्थ त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या मतदारांनी आमच्यापेक्षा अधिक मोठा केला होता, हे मान्य करावयास हवे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यच संपले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसुरात गेले आणि शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. एका रात्रीत येथला मराठी माणूस राज्याच्या तीन मुख्य भाषिकांपैकी एक होता तो मूठभर अल्पसंख्य झाला. तरी १९५७ साली हैदराबादने लोकसभेवर विनायकराव कोरटकरांना पाठविले. तेही मराठी मतांवर नव्हे, कारण तेवढी मराठी मते ह्या शहरात नव्हतीच. पुढे ही नावे एकेक करून सभागृहातून गेली. सुलतानबाजार आणि काचीगुड्याच्या गल्ल्यांत मराठी बोलणे राहिले, १९०७ सालची विवेकवर्धिनी राहिली, ग्रंथसंग्रहालय राहिले, आणि आमच्यासारख्या, मुळात मराठवाड्याच्याही नसलेल्या, कोकणी बोलणाऱ्या घरांचे देऊळ राहिले.

वडिलांच्या चिठ्ठ्यांचा काळ तो हिमायतनगरचा. १९८५ साली तेथून भारतीय जनता पक्षाचे आले नरेंद्र निवडून आले, १९९४ आणि १९९९ साली तेलुगू देसमचे कृष्णा यादव, २००४ साली भारतीय जनता पक्षाचे किशन रेड्डी. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग ह्यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची फेररचना केली. २००८ साली ती अमलात आली आणि शहरातील हिमायतनगर, आसफनगर, महाराजगंज ही नावे यादीतून पुसली गेली. महाराजगंजच्या जागी गोशामहाल आले, आमच्या घराला अंबरपेट आले. २००९ आणि २०१४ साली अंबरपेटहून पुन्हा किशन रेड्डीच निवडून आले. २०१४ सालच्या जून महिन्यात राज्यही बदलले आणि तेलंगण झाले. म्हणजे आमच्या कुटुंबाने सत्तर वर्षांत तीन राज्यांच्या विधानसभांसाठी मते दिली, आणि त्यासाठी आम्हांला चादरघाटापासून बरकतपुऱ्यापेक्षा दूर कोठे जावे लागले नाही.

२०१८ साली अंबरपेटचा निकाल लागला तो असा: तेलंगण राष्ट्र समितीचे कालेरु वेंकटेश ह्यांनी किशन रेड्डींचा अवघ्या १,०१६ मतांनी पराभव केला. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा प्रकार त्यातून निघाला.

आमच्या देवळाचा कारभार एक समिती पाहते. मी तिचा सभासद नाही, पण वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ म्हणून देवळाचे कोर्टकचेरीचे काम मी पाहतो. समितीतील सर्वांत वडील गृहस्थ म्हणजे अण्णा. ते माझ्या वडिलांचे बालमित्र. मला त्यांनी अंगाखांद्यावर खेळविलेले, माझ्या मुंजीत भिक्षावळीची सर्व व्यवस्था त्यांची. वडील गेले तेव्हा तेरा दिवस ते आमच्या घरी रोज येऊन बसत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान ३० नोव्हेंबरला. त्या सुमारास एका संध्याकाळी आरती झाल्यावर अण्णांनी समितीला थांबवून घेतले आणि मलाही हाक मारली. खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी अंबरपेट मतदारसंघातील आपल्या समाजाची घरे आणि त्यांतील मते मोजून आणली होती. नंतर त्यांनी २०१८ चा तो आकडा वाचून दाखविला.

"हजार मतांवर निकाल फिरतो. आमचीं मतां एकठांय पडूंक जाय. मग पाहू, आपल्याला कोण विचारीत नाही ते!"

बेत असा होता की कार्तिकी पौर्णिमेच्या दीपोत्सवाला, म्हणजे २७ नोव्हेंबरला, एका उमेदवाराला बोलावून शाल-श्रीफळ द्यावे, आणि उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागील पानावर समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहावे असे आवाहन छापावे. बदल्यात देवळाच्या मागील गल्लीचा रस्ता, गटार आणि सभागृहाच्या परवान्याचे काम मार्गी लागणार होते. तो उमेदवार कोणत्या पक्षाचा, हे येथे सांगण्याचे कारण नाही. तो दुसऱ्या पक्षाचा असता तरी मी तेच बोललो असतो. निदान तसे बोललो असतो, अशी माझी समजूत आहे.

मी म्हणालो, "अण्णा, हे करता यावयाचे नाही."

आणि मग मी वकिलासारखा बोललो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम सांगितले. धर्म, वंश, जात, समाज वा भाषा ह्यांच्या नावाने मते मागणे, हे उमेदवाराने केले वा त्याच्या संमतीने दुसऱ्याने केले, तर तो भ्रष्टाचार ठरतो आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेला खटला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे गेला. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निर्णय झाला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म वा भाषा पुढे करून मते मागणेही ह्या कलमात येते. तीन न्यायाधीश विरुद्ध होते, कारण ज्यांना जातीवरून नाडले गेले त्यांनी त्या दुःखाविषयी बोलूच नये काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न हलका नाही, हेही मी सांगितले. परंतु आमच्या गटाराचा प्रश्न त्या कोटीतला नव्हता. नंतर मी १९८८ चा कायदा सांगितला. देवळाची जागा वा देवळाचा पैसा राजकीय कार्यासाठी वापरण्यास तो मनाई करतो, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आहे. ती उमेदवाराला नव्हे, आपल्याला.

शेवटी पार्ल्याचे उदाहरण दिले. १९८७ सालच्या पोटनिवडणुकीत तेथून डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारातील भाषणांवरून उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ज्यांनी ती भाषणे केली त्या बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला.

माझे सारे बोलणे बिनचूक होते, पण त्याचा कोणावरही परिणाम झाला नाही. एक जण म्हणाले, "सगळेच करतात. त्या देवळात केले, त्या मशिदीत केले, त्या चर्चमध्ये केले. कायदा आम्हांलाच?" अण्णा तर दुखावले होते. "तुझ्या बापाने ह्या देवळाच्या पायाचा दगड उचलला," ते म्हणाले, "आणि तू आम्हांला तुरुंगाची भीती घालतोस!"

त्यावर मला उत्तर सुचले नाही. जे सुचले ते कायद्याचे नव्हते. मला आजीच्या माहेरची आठवण झाली.

आजीचे माहेर फोंड्याचे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात सार्वमत झाले. गोवा महाराष्ट्रात जावा की केंद्रशासित राहावा, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. तिच्या दोन भावांपैकी थोरले फुलाचे आणि धाकटे दोन पानांचे. एका घरात, एका चुलीवर जेवणारे दोघे महिनाभर एकमेकांच्या सभा मोडण्याचे बेत करीत होते. निकाल लागला: दोन पानांना १,७२,१९१ मते आणि फुलाला १,३८,१७०. आजी सांगे की थोरले दोन दिवस जेवले नाहीत. त्याच वर्षीच्या जत्रेत मात्र देवीच्या पालखीला एका बाजूने थोरल्यांचा खांदा होता आणि दुसऱ्या बाजूने धाकट्यांचा.

मी अण्णांना म्हणालो, "ह्या मासिकाचे वाचक, आपले सोयरे, आपले गोत, सगळे त्या दिवशी दोन बाजूंना होते. कोणी मराठीसाठी जीव टाकला, कोणी कोकणीसाठी. देवळाने जर त्या वेळी आवाहन छापले असते, तर अर्धी माणसे पुन्हा देवळाची पायरी चढली नसती. देऊळ गप्प राहिले म्हणून सर्वांचे राहिले."

अण्णा काही बोलले नाहीत. परंतु मंडपाच्या कडेला समईच्या वाती वळीत बसलेल्या अक्का, ज्या समितीच्या कोणत्याही ठरावात आजवर बोललेल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "माझे मत अण्णांच्या कागदावर मोजलेले दिसते. मला तर कोणी विचारले नाही."

एवढेच. पण त्यानंतर तो विषय पुढे सरकला नाही. पत्रिका नेहमीसारखी छापली. दीपोत्सवाला तो उमेदवार आला, आणखी एका पक्षाचाही आला. दोघांनी रांगेत उभे राहून तीर्थप्रसाद घेतला आणि दोघेही गेले. गटार आहे तसेच राहिले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अण्णांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. जो समाज मोजण्यात येत नाही त्याच्या गल्लीत रस्ता उशिरा येतो, हा अनुभव आहे. त्यावर कायद्याच्या पुस्तकात उपाय लिहिलेला नाही. नागरिक म्हणून, गल्लीतल्या सर्व जातीधर्मांच्या रहिवाशांना बरोबर घेऊन अर्ज करीत राहावे, हा एक मार्ग आहे. तो मंद आहे, आणि त्याला शाल लागत नाही.

ह्यात मी शहाणा ठरलो आणि अण्णा चुकले, अशी समजूत करून घेऊन वाचकांनी येथे थांबू नये. माझी चूक पुढे आहे.

प्रत्येक निवडणुकीच्या आधी देवळातील वृद्ध माणसांची नावे यादीत आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम वडील करीत आणि त्यांच्यामागे मी करीत असे. त्या वर्षी ते मी केले नाही. सभामंडपातील त्या संध्याकाळीनंतर अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. मीही मनात धरून बसलो. आपण एवढे खरे बोललो आणि आपल्यालाच असे वागविले जाते, असा तो राग होता. ज्या कामाने कोणाचेही नाव राहिले वा गेले असते, ते काम मी रुसव्यात बाजूला टाकले.

३० नोव्हेंबरला सकाळी मी मत देऊन बाहेर पडत होतो. केंद्राच्या दाराशी अण्णा उभे होते. धुतलेले धोतर, कोट, हातात ओळखपत्र. यादीत त्यांचे नाव नव्हते. आदल्या उन्हाळ्यात ते काही महिने मुलाकडे कोंडापूरला राहिले होते. त्या काळात कोणी चौकशीस आले असेल, कुलूप पाहून गेले असेल आणि 'स्थलांतरित' म्हणून नोंद झाली असेल. नक्की काय झाले हे आजही कळलेले नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नवे नाव घालता येत नाही, असा १९५० च्या कायद्याचा दंडक आहे. ती तारीख जाऊन वीस दिवस झाले होते. ओळखपत्र हातात असून उपयोग नसतो. मत यादीतल्या नावाला असते.

ज्यांनी समाजाची सारी मते मोजून कागदावर मांडली होती, त्यांचे स्वतःचे मत त्या दिवशी नव्हते. ते मला म्हणाले, "तुझा बाप असता तर त्याने पाहिले असते." ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते, पण ते अगदी हळू बोलले. मी त्यांना घरी सोडले. वाटेत दोघांपैकी कोणी बोलले नाही.

निकाल लागला तेव्हा फरक हजाराचा नव्हता, वीस हजारांच्याही वर होता. आमची सगळी मते एकठांय पडली असती तरी काही फिरले नसते. पण ह्या हिशोबाने माझे समाधान झाले नाही. १९५२ साली एका बाईने दाराआडून आपले नाव लिहावयास लावले, आणि तिच्या नातवाने, ज्याला त्या नावाची किंमत कायद्यासकट पाठ होती, एका म्हाताऱ्या माणसाचे नाव रुसव्यापायी गळू दिले.

त्यानंतरच्या महिन्यात मी अण्णांकडे सहा नंबरचा फॉर्म घेऊन गेलो. त्यांनी दार उघडले, फॉर्म पाहिला आणि आत जाऊन चष्मा आणला. नाव लिहिण्याच्या रकान्यापाशी मी थांबलो आणि लेखणी त्यांच्या हाती दिली. त्यांनी आपले नाव स्वतः लिहिले. अक्षर कापरे होते, पण ठळक होते. त्या दिवशी काकूंनी चहाबरोबर पातोळ्या दिल्या. मोसम नव्हता, हळदीची पाने कोठून मिळविली कोण जाणे.

१३ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले. ऊन वाढण्याआधी, सकाळी सातलाच, मी अण्णांना घेऊन गेलो. आमचे अंबरपेट लोकसभेसाठी सिकंदराबादेत मोडते. रांगेत आमच्यापुढे एक बुरखा घेतलेली आजीबाई होती आणि तिच्यापुढे कोपऱ्यावरचा तेलुगू वाणी. अण्णा आत गेले. बाहेर आले तेव्हा शाई लावलेले बोट त्यांनी जपून वर धरले होते, कोटाला लागू नये म्हणून.

त्यांनी कोणाला मत दिले, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मतदाराने कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती त्याच्यावर न्यायालयातसुद्धा करता येत नाही, असे कलम आहे. पण मी न विचारण्याचे कारण ते कलम नव्हते. आजी-आजोबा चव्वेचाळीस वर्षे एका घरात राहिली. १९५२ साली त्या दोघांनी एकाच उमेदवाराला मत दिले की निरनिराळ्या, हे त्यांनी एकमेकांनाही कधी सांगितले नाही, असे आजी म्हणे. आणि हे सांगताना ती थोडीशी हसे.

घरी आल्यावर मी माझी चिठ्ठी पेटीत टाकली. अण्णांनीही आपली चिठ्ठी मला दिली. "तुझ्या बापाच्या चळतीत ठेव," म्हणाले. तिच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने तारीख घातली होती आणि पुढे एक शब्द: 'दिले'.

येत्या काळात पुन्हा फेररचना व्हावयाची आहे. रेघ पुन्हा हलेल, अंबरपेट हे नावही कदाचित जाईल, आणि माझ्या मुलीच्या चिठ्ठ्यांवर भलतेच नाव असेल. त्याची मला आता फारशी फिकीर वाटत नाही. चातुर्मास संपला की देवळातील वृद्धांची यादी घेऊन नावे तपासावयास बसावयाचे, एवढे मात्र मी ठरविले आहे. यादीच्या शेवटी अक्कांचे नाव आहे. त्यांच्या पतीच्या नावामागे नव्हे, स्वतंत्र ओळीवर.